घरात देव आहे, मग मला तो जाणवत का नाही?

"आमच्या घरात रोज प्रार्थना होते, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, मुलांना वचने पाठ आहेत, तरीही देव आमच्यात आहे असे मला गेल्या दोन वर्षांत एकदाही वाटलेले नाही. मॅडम, माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?"

ख्रिस्ती कुटुंबांना समुपदेशन करताना हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. विचारणारी माणसे बहुधा विश्वासात स्थिर असतात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जबाबदारीने सेवा करतात आणि म्हणूनच ही गोष्ट पाळकांजवळ (चर्चच्या धर्मगुरूंजवळ) किंवा घरच्यांजवळ बोलायला संकोचतात. येथे मांडलेला अनुभव अशाच एका आईचा आहे. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून तो लिहीत आहे.

ताई पहिल्या भेटीला आल्या तेव्हा बोलण्याआधी बराच वेळ रडल्या. लग्नापूर्वी त्या तरुण संघात होत्या, प्रार्थना शिबिरांना जात, गीत गाताना त्यांचे डोळे भरून येत आणि त्या भरून येण्यालाच त्या देवाचे सान्निध्य समजत आल्या होत्या. आता दहा वर्षांची मुलगी, दम्याचा त्रास असलेला सहा वर्षांचा मुलगा, नोकरी आणि घर यांत ते भरून येणे कुठे हरवले हे त्यांना कळत नव्हते. देव दूर गेला असेल किंवा आपण त्याला दूर लोटले असेल, अशा दोनच शक्यता त्यांना दिसत होत्या.

मी सुरुवातीला एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. त्यांचा वैयक्तिक मननाचा वेळ कोणता, असे मी सहज विचारले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. आधीच अपराधीपणाने वाकलेल्या माणसापुढे मी आणखी एक हिशेब मांडला होता. तो प्रश्न मी तेथेच सोडला आणि रात्री झोप किती होते, एवढेच विचारले. मुलाला खोकल्याची उबळ आली की त्या उठत, त्याला टेकून बसवत, औषध देत आणि त्याचा श्वास पुन्हा शांत होईपर्यंत जागत. सलग तीन तासांची झोप त्यांना कित्येक महिन्यांत मिळालेली नव्हती.

येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते. कोणी 'देव जाणवत नाही' असे म्हणते तेव्हा आधी शरीराची आणि मनाची विचारपूस करावी. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी न उरणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. ती असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेणे हा विश्वासाचा कमकुवतपणा नव्हे, आणि जगणे नकोसे वाटू लागले असेल तर त्यासाठी एक दिवसही थांबू नये. ताईंना मी तपासणी करून घ्यायला सांगितले. नैराश्य निघाले नाही, मात्र रक्तातील हिमोग्लोबिन बरेच कमी होते आणि त्यावर उपचार सुरू झाले.

उपचार घेण्याचाही त्यांना संकोच वाटत होता, म्हणून आम्ही एलीयाची गोष्ट एकत्र वाचली. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तो संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्यावर देव त्याला बोल लावत नाही, अधिक प्रार्थना कर असेही सांगत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्यापुढे ठेवतो, तो खातो आणि पुन्हा झोपतो. होरेब डोंगरावर एलीयाला ऐकू आलेली देवाची ती प्रसिद्ध मंद वाणी या झोपेनंतर आणि चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर येते. ताईंनी तो अध्याय अनेकदा वाचला होता, पण एलीया दोनदा झोपला हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेचा विषय निघाला आणि खरी जखम उघडी झाली. ती प्रार्थना अर्धा तास व्हायलाच हवी, असा ताईंचा आग्रह होता, कारण त्यांच्या माहेरी तशी पद्धत होती. मुलगा चुळबुळ करी, मुलीचे लक्ष अर्धवट राहिलेल्या गृहपाठाकडे असे, पती गप्प बसत. ताई म्हणाल्या, "मी मुलांना प्रार्थनेला बसवण्यासाठी ओरडते आणि मग डोळे मिटून देवाच्या प्रेमाबद्दल बोलते. परवा धाकट्याने विचारले, आई, देव आपल्यावर रागावलाय का?"

या एका वाक्यावर आम्ही दोन भेटी थांबलो. लहान मुलाला देवाचा स्वभाव प्रथम घरातल्या आवाजावरून कळतो, हे ताईंना समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याचेच त्यांना दुःख होते. मी त्यांना बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा नीट वाचायला सांगितली. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत असे तेथे म्हटले आहे आणि ती कधी बोलावीत हेही सांगितले आहे: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना. एखादा वेगळा तास तेथे नेमून दिलेला नाही. घरात जे घडतच असते त्यातच ते बोलणे मिसळायचे आहे. कौटुंबिक उपासनेला माझा विरोध मुळीच नाही, उलट ती घराचा कणा आहे असे मी मानते. पण ज्या उपासनेआधी रोज कोणीतरी रडते, ती लहान करण्याचे धाडस आईवडिलांनी करावे, असे माझे मत आहे.

ताईंनी प्रार्थना सात-आठ मिनिटांवर आणली: एक छोटा शास्त्रभाग, प्रत्येकाचे एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. त्याआधी मात्र त्यांनी एक अवघड गोष्ट केली. एका रात्री मुलाला उबळ आली असताना त्याच्या पाठीवर हात फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "देव रागावलेला नाही. आई रागावत होती आणि माझे चुकले." मुलगा काही वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "हे देवाला सांगितलेस का?" त्या म्हणाल्या, "अजून नाही." तेव्हा त्याने धापा टाकतच हात जोडले आणि त्या बोलेपर्यंत डोळे मिटून बसला. हे सांगताना ताईंना एवढेच जाणवत होते की त्या रात्री आपण फार थकलेलो होतो. त्या क्षणी कोण जवळ होते, असे मी विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

सान्निध्य ही त्याच क्षणी उमटणारी भावना असते, असे आपण गृहीत धरतो. पवित्र शास्त्रात मात्र ते पुष्कळदा मागाहून ओळखले जाते. इस्राएलाचा पूर्वज याकोब बेथेल येथे झोपून उठल्यावर म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला ते ठाऊक नव्हते. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य पुनरुत्थित येशूबरोबर चालतात, त्याच्याशी बोलतात, पण त्याला ओळखत नाहीत. घरात भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात आणि वाटेत आपले अंतःकरण कसे पेटून उठले होते, हे त्यांना तेव्हा आठवते. दिवसाच्या शेवटी मागे वळून पाहण्याची शिस्त मंडळीत जुनीच आहे. सोळाव्या शतकात येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ती आपल्या अनुयायांना नेमून दिली होती.

सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. ते पॅरिसमधील मठाच्या स्वयंपाकघरात काम करत आणि भांड्यांच्या गडबडीतही देवाच्या सहवासात राहत. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरी थकलेल्या आईपुढे ते उदाहरण फार जपून ठेवावे, कारण ते मठात राहत होते आणि रात्री धाप लागलेले मूल त्यांच्या कुशीत नव्हते. ताईंना मी दिवसभर देवाचे स्मरण ठेवायला सांगितले नाही. एक वही ठेवा, झोपण्यापूर्वी दिवस आठवा आणि आज या घरात कोणी कोणाचे ओझे उचलले ते एका ओळीत लिहा, एवढेच सांगितले. एकमेकांची ओझी वाहा, हे गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील वचन त्यामागे होते.

पहिला आठवडा जवळजवळ कोराच गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलीने भावाचे दप्तर उचलल्याची नोंद होती, शेजारच्या आजींनी न सांगता मुलांना तासभर सांभाळल्याची होती. वही घरात उघड्यावर असे. एका रात्री ताईंच्या ओळीखाली पतीने लिहिले: 'गाडी लावल्यावर पाच मिनिटे थांबलो.'

त्याचा अर्थ ताईंना कळेना. पती खाली गाडीत बसून राहतात हे त्यांना ठाऊक होते आणि घरातल्या गोंधळापासून लांब राहण्यासाठी ते फोन पाहत बसतात असे समजून त्या वर्षानुवर्षे मनात चिडत आल्या होत्या. त्यांनी विचारले तेव्हा कळले की मुलगी जन्मल्यापासून, म्हणजे दहा वर्षे, ते घरात येण्यापूर्वी गाडीत बसून एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करत होते. चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करणे त्यांना जमत नसे, म्हणून घरच्या प्रार्थनेत ते गप्प बसत. पुढच्या भेटीला दोघे एकत्र आले. ताई म्हणाल्या, "मी म्हणत होते देव घरात नाही, आणि हे रोज त्याच्याशी बोलून दारात येत होते." दादा म्हणाले, "तू विचारले असतेस तर सांगितले असते." मग स्वतःच म्हणाले, "नाही, मीच सांगायला हवे होते." माझ्या मते त्या दिवशी या दोघांना एकमेकांकडून जे उत्तेजन मिळाले, ते माझ्या सर्व भेटींतून मिळाले नसते.

तरुण संघातले ते डोळे भरून येणे ताईंना परत मिळाले का, असे कोणी विचारील. नाही, निदान तसे नाही. तेरावे स्तोत्र पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' असे विचारते आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत. कोरड्या दिवसांत ती मोठ्याने वाचावीत एवढेच मी त्यांना सुचवले.

नंतर हवा बदलली आणि मुलाचा दमा पुन्हा बळावला. महिन्याने ताई वही घेऊन आल्या, तेव्हा तिच्यात सलग आठ दिवस फक्त तारखा होत्या. नवव्या दिवसाच्या तारखेखाली मुलीच्या अक्षरात एक ओळ होती: 'बाबा आणि मी आळीपाळीने जागलो, आईला झोपू दिले.'