बोअरला ३४० व्होल्टच मिळतात, मॅट्रिक्स कन्व्हर्टर लावावा का?

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. वरुडकडे वावर, डीपीपासून लाईन लांब. आजूबाजूच्या मोटरी सुरू झाल्या की ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळतात आणि बोअरची साडेसात एचपीची मोटर पुन्हा पुन्हा भरून आणावी लागते. आता तुम्ही मॅट्रिक्स कन्व्हर्टरबद्दल वाचलं आणि तो लावायचा विचार करताय. नुसता मॅट्रिक्स लावू नका. त्याच्या हायब्रिड, म्हणजे जोड-रचना मात्र तुमच्या कामाच्या आहेत, त्यातलीही एक विशेष.

नेहमीचा व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, आधी एसीचं डीसी करतो, मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून पुन्हा एसी बनवतो. तो इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेला कच्चा. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमधला व्हीएफडी उघडून बघा, कॅपॅसिटरचं झाकण फुगलेलं दिसतं. मॅट्रिक्स कन्व्हर्टरमध्ये हा टप्पाच नाही. नऊ दुतर्फी स्विच, म्हणजे साधारण १८ आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच), तिन्ही येणारे फेज तिन्ही जाणाऱ्या फेजना थेट जोडतात. व्हेंतुरिनी आणि अलेसिना यांनी १९८० च्या सुमारास याचं गणित मांडलं. स्विच बदलताना दोन येणारे फेज एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत आणि मोटरचा करंट क्षणभरही तुटू द्यायचा नाही. म्हणून एक बदल चार पायऱ्यांत करावा लागतो, तोही काही मायक्रोसेकंदांत.

पण तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे. लाटेचा आकार बिघडू न देता मॅट्रिक्स जास्तीत जास्त ८६.६ टक्के व्होल्टेज बाहेर देतो. ३४० आत घातले तर २९४ मिळतील! व्हीएफडी निदान ३४० च्या आसपास देतो. मॅट्रिक्सच्या २९४ व्होल्टवर मोटरला त्याच प्रमाणात फ्रिक्वेन्सी द्यायची तर ती ३५ हर्ट्झच्या आसपास आणावी लागते, आणि पंपाचा हेड (पाणी उचलायची उंची) वेगाच्या वर्गात घटत असल्याने तो ५० टक्क्यांवर येतो. खोल बोअरमधून पाणी वर येणारच नाही.

यावर एक उपाय असा की मॅट्रिक्सला सिरीजमध्ये छोटा एच-ब्रिज (चार स्विचचं सर्किट) आणि छोटा कॅपॅसिटर जोडायचा. कमी पडणारं व्होल्टेज तो भरून काढतो. रचना सुंदर आहे, पण कंट्रोल किचकट. पंपासाठी तयार मिळणारं असं यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि बिघडलं तर तालुक्याला कोण दुरुस्त करणार?

तुमच्या कामाचा दुसरा हायब्रिड: ट्रान्सफॉर्मर आणि एसी चॉपर, म्हणजे झटपट चालू-बंद करून एसी व्होल्टेज कमीजास्त करणारा स्विच. लाईनमध्ये छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी सिरीजमध्ये घालायची आणि प्रायमरीला चॉपरमधून कमीजास्त व्होल्टेज द्यायचं. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते, ती बदलायची तुम्हाला गरजही नाही. हिशोब बघा. कमतरता ७५ व्होल्टची, मोटरचा करंट धरा साडेअकरा अँपिअर. इलेक्ट्रॉनिक्समधून जातात फक्त दीड केव्हीए. मॅट्रिक्स किंवा व्हीएफडीमधून पूर्ण सव्वाआठ गेले असते. उरलेली वीज मोटरला थेट लाईनमधून मिळते. म्हणून उष्णता कमी, खर्च कमी, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे चॉपर बंद पडला तर बायपास कॉन्टॅक्टर लावून मोटर साध्या लाईनवर चालते. ऐन मृगाच्या बहराला ओलित थांबत नाही.

बनवून घेताना मोटर बायपासवर सुरू करा आणि वेग आल्यावरच बूस्ट आत घ्या, म्हणजे सुरुवातीचा पाच-सहा पट करंट चॉपरवर येत नाही. ३४० वर सुरुवातीचा टॉर्क ६७ टक्केच मिळतो, पण सेंट्रिफ्यूगल पंपाला सुरू होताना तेवढा सहसा पुरतो. वळवाच्या विजा आपल्याकडे सोडत नाहीत, तेव्हा सर्ज अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग हवंच. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर काढू नका. गेलेला फेज हे यंत्र परत आणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. पंपाला लागणारी वीज तेवढीच राहते, त्यामुळे व्होल्टेज वाढवलं तरी लाईनमधून १४ अँपिअरच्या आसपास ओढले जाणारच. वाइंडिंग वाचेल, पण शेजाऱ्याचं व्होल्टेज सुधारणार नाही. म्हणून आधी मोटरला लाईनवरचा करंट कमी करणारा ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा आणि त्याच डीपीवरच्या सगळ्यांना लावायला सांगा. कितीतरी जण तो काढून ठेवतात. सगळ्या मोटरी चालू असताना स्टार्टरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज मोजून आकडे इथे टाका. ३७० च्या वर येत असतील तर बूस्टचा खर्च करायच्या आधी पुन्हा बोलू.