आपल्या जुन्या कॉलेजच्या किंवा आपलं मूल शिकतं त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या कामात पहिल्यांदाच व्हॉलंटियर होताय ना, मग हे वाचाच

आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन करून नाव नोंदवा आणि त्यांचं ट्रेनिंग घ्याच, कारण आपण शिकलो तेव्हाचे कोर्स, फी, होस्टेलचे नियम आता बरेच बदललेले असतात आणि जुनी माहिती छातीठोक सांगितली की मुलांचं नुकसान होतं. सुरुवात कॉलेज फेअरच्या, म्हणजे मुलांना कॉलेजांची माहिती देणाऱ्या मेळाव्याच्या, टेबलापासून करा, तिथे भाषण नको, मुलाला काय आवडतं ते आधी विचारा. माजी विद्यार्थ्यांनी अर्ज केलेल्या मुलाचा इंटरव्ह्यू घ्यायचा असेल तर लायब्ररीसारख्या सार्वजनिक जागी किंवा ऑनलाइन, घरी कधीच बोलावू नका, आणि रिपोर्ट त्याच दिवशी लिहा, दोन दिवसांनी मुलाचे शब्द आठवत नाहीत हो.

"तुझं होऊन जाईल" हे मात्र चुकूनही बोलू नका! निर्णय आपल्या हातात नसतो, आणि नकार आला की ते पोर आतून मोडतं. स्कॉलरशिपचं विचारलं तर सरळ ऑफिसकडे पाठवा.

पालकांनो, तुमचं काम वेगळंय, अ‍ॅडमिशन मिळालेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोला. पोर आजारी पडलं तर कोण बघतं, पहिला महिना कसा गेला, हे त्यांना माहितीपत्रकात सापडत नाही, तुम्हीच सांगू शकता.