‘मिसळा म्हणतात, पण मिसळायचं कसं?’

“मॅडम, मी काय खुळा झालोय काय?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकांनी विचारलं. हातात जाडजूड फाइल. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं, पहाटे तीनला जाग यायची आणि वरचं बीपी १५०च्या खाली येत नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी वाढवली, समुपदेशनाची चिठ्ठी दिली आणि जाता जाता म्हणाले, “लोकांत मिसळा जरा.”

काका ६६ वर्षांचे, कोल्हापूरकडच्या डेपोत तीस वर्षं एसटी कंडक्टर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे पुण्यात आले, नवव्या मजल्यावर. मुलाला काही केल्या उलगडत नव्हतं, “घरात आम्ही चार माणसं आहोत, मग एकटं कसं वाटतं?”

हा प्रश्न बहुतेक घरांतून येतो. २०१० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियान होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे संबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. पण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पुढे आहे. माणूस एकटा राहतो की कुणासोबत, एवढ्यावरून फारसं कळत नाही. घर, शेजार, मित्र, मंडळ असे किती धागे जोडलेले आहेत, त्यावरून जास्त कळतं.

पहिलं काम तपासणीचं. बी-१२ आणि थायरॉइड ठीक. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी ९ गुण, म्हणजे सौम्य. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ होतं. तिथे वेगळं उत्तर आलं असतं तर गप्पांचा कट्टा पुरे पडत नाही, मनोविकारतज्ज्ञ हवाच. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे.

मग वही. सात दिवस रोज लिहायचं: कुणाशी बोललो, किती मिनिटं, कशाबद्दल. काकांची वही बघण्यासारखी होती. कंडक्टरी हिशोबाची सवय, रकाने आखलेले. “सून, १ मिनिट, गोळी घेतली का. मुलगा, २ मिनिटं, वायफाय. वॉचमन, अर्धा मिनिट, लिफ्ट बंद.” दिवसाची बेरीज जेमतेम वीस मिनिटं, आणि सगळी चौकशीच. आठवड्यात कुणी त्यांना सल्ला विचारला नव्हता की काम सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचा दिवस “सुट्टे द्या”, “पुढं सरका”, कुणाचं गाठोडं वर चढव, मुक्कामी गाडीच्या गावात कुणाकडे भाकरी, यात गेला, त्याच्यासाठी हा उपासच. आणि तुटलेपण जाणवलं की शरीर सावध राहतं, झोप हलकी होते. पहाटे तीनची जाग त्यातली असू शकते.

“पण मी गेलतो की ज्येष्ठ नागरिक संघात,” काका म्हणाले. तीनदा गेले, तिन्ही वेळा जास्तच खट्टू होऊन परतले. ज्येष्ठांचा मासिक वाढदिवस समारंभ, शंभर खुर्च्या, माइक. तिथे दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे कान. गोंगाटात शब्द विरघळतात, मग माणूस नुसता मान हलवतो आणि बाकीच्यांना तो तुसडा वाटतो. कानाची तपासणी केली, दोन्ही कानांत मध्यम दोष निघाला. (कानाचं यंत्र पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये लावून जाऊ नये. आधी घरात, शांततेत, रोज एक-दोन तास.) दुसरी गोष्ट वेळेच्या हिशोबाची. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मैत्री जमायला किती वेळ लागतो हे तपासताना नुकतंच गाव बदललेल्या लोकांचाही अभ्यास केला होता. त्यांच्या अंदाजाने ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. महिन्यातून दीड तासाने ५० तास भरायला पावणेतीन वर्षं. रोज पाऊण तास, आठवड्यातले सहा दिवस, तर अकरा-बारा आठवडे.

म्हणून ठरलं ते असं. एकच जागा, एकच वेळ: सोसायटीच्या मागच्या गेटजवळचा कट्टा, संध्याकाळी साडेपाच. चारच माणसं. भिंतीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे समोरच्यांचे ओठ दिसतात आणि मागचा गोंगाट कमी होतो. पहिले दोन आठवडे फक्त हजेरी, गप्पा रंगवायचं ओझं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक काम मागून घ्यायचं. हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाहुणा म्हणून गेलेला माणूस पाहुणाच राहतो. काकांनी रोजच्या चहाच्या वर्गणीचा हिशोब घेतला. सुनेलाही एक काम दिलं: “गोळी घेतली का”च्या जोडीला दिवसातून एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक असेल.

चौथ्या आठवड्यात गाडी रुतली. पावसाने तीन दिवस जाणं झालं नाही आणि कुणाचा फोनही आला नाही. “कुणाचं काय अडलंय?” काका म्हणाले आणि त्यांनी जाणंच सोडलं. इथेच बरेच जण कायमचे गळतात. बाकीचे तिघे काय समजले असतील, असं विचारल्यावर ते गप्प झाले. त्यांनी तरी कुठे कुणाला फोन केला होता? मग नियम केला: येणार नसलो तर आपण कळवायचं, कुणी दोन दिवस दिसला नाही तर आपण विचारायचं. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन लावला. तिघांतले एकजण तापाने आडवे होते.

बीपी घरीच मोजायचं ठरलं होतं. पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. तीन महिन्यांनी वरचा आकडा १३४ ते १४० मध्ये होता. त्यात वाढलेल्या गोळीचा वाटा आहेच, सगळं श्रेय कट्ट्याला देण्यात अर्थ नाही, आणि गोळी चालूच आहे. पहाटेची जाग आठवड्यातून दोनदा येते. वहीची गरज उरली नाही, पण ती त्यांनी टाकली नाही. मागच्या पानांवर आता चहाचा हिशोब असतो. पुढची भेट मंगळवारी साडेपाचची दिली होती, ती त्यांनी फोन करून सकाळची करून घेतली.