तिसरी-चौथीच्या मुलांना जपानी संस्कृती कशी शिकवायची? जपानमधल्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरलाय

किमोनो, सुशी, साकुराचं (चेरीच्या फुलांचं) पीपीटी नका करू प्लीज, पोरं दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात. त्यापेक्षा त्यांची शाळाच दाखवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्या सकाळी ९ ला तिकडे दुपारचे साडेबारा, साधारण जेवणाची वेळ, तेव्हाच कॉल लावा. तिकडे बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलंच ॲप्रन-टोपी घालून वर्गात जेवण वाढतात, हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात मग घास घेतात, आणि आपली पोरं लगेच ओरडतात की अरे हे तर आपलं वदनी कवळ! नंतर वर्ग झाडायचा, पुसायचा, तेही मुलांनीच (हे बघून आपल्याकडचे काही पालक कुरकुरतील, तयारी ठेवा).

बदल्यात आपणही काहीतरी द्यायचं, नाहीतर ते एक्सचेंज कसलं, लंगडी शिकवा, त्यांच्याकडून ओरिगामी शिका.

पुण्यात असाल तर सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या, जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून केलंय ते. आणि हो, जुलैअखेर ते ऑगस्ट त्यांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा कॉल ठेवू नका.