सायलेन्सरचे गंजलेले नट बदलताना

आपली १९८५ सालची हिरो होंडा सीडी १०० जपण्याजोगी आहे, म्हणून नटांवर एकदम जोर लावू नये. पोलादी स्टड, म्हणजे डोके नसलेला आट्यांचा बोल्ट, इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (वरच्या भागात) बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नट त्यावर गंजून धरतो. अशा वेळी नट सुटण्याआधी स्टडच तुटतो, आणि त्याचा उरलेला तुकडा काढणे हे नट बदलण्याहून कितीतरी अवघड काम आहे.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी सहाकोनी सॉकेटने नट आधी किंचित आवळून मग सोडवावा, आणि अडकल्यास पुन्हा मागेपुढे करत, तेल देत राहावे. मी एकदा ही घाई केली होती. त्या हेडला नवे आटे पाडून घ्यावे लागले. नटाबरोबर स्टडच बाहेर आला तर घाबरू नये, तो नवाच घालावा.

नवे नट शक्यतो पितळी घ्यावेत, कारण पितळ पोलादाला गंजाने धरत नाही. जोडातून धूर गळू नये म्हणून मध्ये असणारे गॅस्केटही नवे घालून दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.