दर्याई नारळ नागपुरात रुजेल का?

प्रश्न : पुढच्या महिन्यात सेशेल्सला जातो आहोत. तिथला दर्याई नारळ (कोको द मेर, ताडाच्या कुळातल्या झाडाचं भलंमोठं बी) आणून अंगणात लावता येईल का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : नाही. दुकानात मिळतो त्यातला गर बहुधा काढलेला असतो, पोकळ कवच रुजत नाही. ताजं बी मिळालं तरी त्याचा कोंब आधी जमिनीतून काही मीटर आडवा सरकतो आणि मग रोप वर येतं, त्यामुळे कुंडी निरुपयोगी. शिवाय आपला मे महिन्यातला कोरडा उन्हाळा त्याला सोसणार नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानात, तिथल्या दमट हवेतही, 1894 साली लावलेल्या झाडाला फुलायला नव्वदहून अधिक वर्षं लागली!

हे झाड मूळचं फक्त सेशेल्समधल्या प्रालँ आणि क्युरिएज बेटांवरचं. नर-मादी झाडं वेगळी, फळ पिकायला सहा-सात वर्षं. ताजं फळ पाण्यात बुडतं. कुजून पोकळ झालेलंच तरंगत मालदीवपर्यंत यायचं. म्हणून 1768 मध्ये प्रालँवर ही झाडं सापडेपर्यंत लोक ते समुद्रतळाच्या झाडाचं मानत. फकिरांचे कश्कोल, म्हणजे भिक्षापात्रं, याच कवचाचे.

आणायचंच असेल तर पोकळ कवच घ्या, सोबत निर्यात परवाना मागा. परवाना नसेल तर विमानतळावर जप्त होईल. झाडं मात्र प्रालँवरच्या व्हाले द मे अरण्यात नक्की पाहा.