बर्फावर स्वच्छ दिसण्यासाठी : चष्मा, लेन्स की नंबरचा गॉगल?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून नागपुरात मनीषनगरला राहते. माझ्या चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला उणे ६ आणि डाव्या डोळ्याला उणे ५.५ आहे, दोन्हींत ०.७५ चा सिलिंडरही (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर) आहे. फेब्रुवारीत गुलमर्गला दहा दिवसांच्या प्राथमिक स्कीइंग शिबिराला जायचे ठरले आहे. मैत्रिणीचा स्की गॉगल चष्म्यावर चढवून पाहिला, तर काड्या कानशिलांत रुतल्या आणि पाच मिनिटांत काचांवर वाफ धरली. कॉन्टॅक्ट लेन्स लावावी, तर ती थंडीत डोळ्यातच गोठते असे घरची मंडळी म्हणतात. एक-दोघांनी लेसर करून घेण्याचाही सल्ला दिला. मी काय करावे?

उत्तर : आपल्या नंबरचा अर्थ असा, की चष्मा नसेल तर साधारण १६-१७ सेंटिमीटरच्या पुढचे सगळे धूसर होते. उतारावर समोरचा खड्डा, बाजूने येणारा माणूस आणि प्रशिक्षकाने हाताने केलेली खूण या तिन्ही गोष्टी वेळेवर दिसल्या पाहिजेत. त्यामुळे नंबरशिवाय नुसता गॉगल लावून शिकण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्याचबरोबर गॉगलशिवाय नुसत्या चष्म्यावरही भागत नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला अतिनील किरणांचे प्रमाण १० ते १२ टक्क्यांनी वाढते. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. त्यात ताजा बर्फ या किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून जेवढे येते जवळजवळ तेवढेच खालूनही येते. चष्म्याच्या कडेच्या मोकळ्या जागेतून ते सरळ डोळ्यात शिरते. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पटलाला याने जी भाजल्यासारखी इजा होते, तिला हिमांधत्व म्हणतात. दिवसभर काहीच जाणवत नाही आणि सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बहुतेकांचा हा त्रास एक ते तीन दिवसांत निवळतो. पण आपल्या दहा दिवसांच्या शिबिरातले तीन दिवस गेले, तर उरते काय?

आपल्यासाठी माझी पहिली पसंती रोज बदलायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सना आहे आणि त्यांच्यावर साधा, चांगल्या बसणीचा स्की गॉगल. लेन्स गोठण्याची भीती मनातून काढून टाका. ती पापणीखाली, अश्रूंच्या थरावर बसलेली असते आणि शरीराच्या उष्णतेने उबदार राहते. स्कीइंग करता येईल अशा थंडीत ती डोळ्यात गोठत नाही. गोठू शकते ते पिशवीतले लेन्सचे द्रव, म्हणून लेन्सची पाकिटे आणि डोळ्यांत घालायचे थेंब जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावेत. खरा त्रास होतो तो कोरडेपणाचा. उंचावरची हवा आधीच कोरडी, त्यात वारा आणि खोलीत रात्रभर पेटलेली बुखारी (शेगडी). सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून डोळ्याला प्राणवायू अधिक मिळतो, म्हणून त्या घ्याव्यात आणि परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रूंचे एकेरी थेंब जवळ बाळगावेत.

चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स मात्र डोळ्यावरच बसते. या अंतरामुळे आपला उणे ६ चा नंबर लेन्समध्ये सुमारे उणे ५.६ होतो, म्हणजे पाकिटावर बहुधा उणे ५.५ लिहिलेले असेल. आपल्याला सिलिंडरही आहे. ०.७५ चा सिलिंडर सोडून दिला तरी घरात चालून जाते. पण ढगाळ दिवशी, सगळा उतार एकाच पांढऱ्या रंगाचा दिसत असताना, बर्फावरचे उंचवटे ओळखायला नेमकी तीच धार कमी पडते. म्हणून टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबरही असलेल्या, लेन्सच मागा. ही लेन्स डोळ्यात फिरता कामा नये, यासाठी ती तपासूनच बसवावी लागते. एवढ्यासाठी निघण्याच्या किमान चार आठवडे आधी सुरुवात करा. लेन्स घालण्या-काढण्याचा सराव घरच्या आरशासमोर झालेला असला पाहिजे, गुलमर्गच्या थंडीत बधिर झालेल्या बोटांनी नव्हे. दहा दिवसांच्या २० लेन्स आणि वर किमान सहा जादा घ्या. साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे केल्याशिवाय लेन्सला स्पर्श करू नका. नळाच्या पाण्याने किंवा वितळलेल्या बर्फाने लेन्स कधीही धुऊ नका, कारण अशा पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे पारदर्शक पटलाला होणारा संसर्ग फार चिवट असतो. लेन्स घालून झोपायचे नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढून चष्मा लावावा आणि डॉक्टरांना दाखवावे. यासाठी जुना असला तरी नंबर बरोबर असलेला एक चष्मा कडक डबीत घालून रोज सोबत न्यावाच लागेल.

लेन्स मानवलीच नाही, तर चष्म्यावरून घालायचा गॉगल हा दुसरा पर्याय. तो मुद्दाम खोल केलेला असतो आणि त्याच्या फोममध्ये काड्यांसाठी दोन्ही बाजूंना खाचा असतात. आपल्या मैत्रिणीचा गॉगल तसा नसावा. यासाठी चष्मा लहान काचांचा आणि बारीक, सरळ काड्यांचा हवा. काचा पॉलिकार्बोनेटच्या असाव्यात. खऱ्या काचेचा चष्मा घालून तोंडावर पडल्यास काय होईल हे सांगायला नको. हेल्मेटची कानपट्टीही काड्यांवर दाब देते, म्हणून चष्मा, गॉगल आणि हेल्मेट तिन्ही एकत्र घालून घरात अर्धा तास वावरा. मग खाली स्वतःच्या पायांकडे, डावीकडे, उजवीकडे पाहा आणि गळ्याभोवतीचा गरम पट्टा नाकापर्यंत ओढून तीन मजले जिने चढून या. श्वास वर गॉगलमध्ये शिरतो की नाही, ते तेवढ्यात कळते.

वाफेचे कारण समजले, तर अर्धी काळजी मिटते. डिसेंबरच्या सकाळी तर्री-पोह्याच्या वाफाळत्या प्लेटवर वाकले, की चष्मा एका क्षणात पांढरा होतो; उबदार, दमट हवा थंड काचेला भेटली की हेच घडणार. स्की गॉगलला म्हणूनच दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर असतो, त्यामुळे आतली काच तितकी थंड होत नाही. वर-खाली झरोके असतात आणि आतून ओलावा शोषणारा लेप असतो. पण आपण आत चष्मा घातला, की लेप नसलेली आणखी एक काच आत आणतो. चष्म्याला वाफरोधक द्रव लावता येते; मात्र त्यावरच्या परावर्तनरोधक लेपाला ते चालते का, हे चष्मेवाल्याला विचारून घ्या.

माझा स्वतःचा नंबर उणे ४ आहे. पहिल्यांदा गुलमर्गला गेले, तेव्हा मी याच प्रकारचा गॉगल चष्म्यावर लावला होता. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत उकडू लागले म्हणून गॉगल कपाळावर सरकवला. कपाळाचा घाम आतल्या काचेवर बसला आणि मी तो ओला गॉगल हातमोज्यानेच पुसला. लेप पट्ट्यापट्ट्यांनी निघाला आणि उरलेला दिवस मी त्या डागांमधून पाहत काढला. गॉगल कपाळावर ठेवू नये, आतली काच ओली असताना घासू नये आणि आत बर्फ गेलाच तर झटकून हवेत वाळू द्यावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी चौकट हा तिसरा मार्ग. कानांवर काडी नसल्याने दाब येत नाही, पण वाफेचा प्रश्न उरतो आणि काही जणांच्या पापण्यांचे केस काचेला लागतात. शिवाय ही चौकट बहुधा चष्म्यापेक्षा डोळ्यापासून दूर बसते. अंतर २० मिलिमीटर झाले, तर आपल्या उणे ६ चा परिणाम पाव नंबराहून थोडा अधिक घटतो. काच करून देणाऱ्याने हे अंतर मोजून जवळपास उणे ६.२५ चा नंबर द्यायला हवा. चौकट नुसता चष्म्याचा कागद पाठवून मागवू नये, ती याच कारणासाठी. गॉगलची मुख्य काचच नंबरची करून घेता येते. ती महाग पडते आणि उणे ६ सारख्या नंबरला वाकड्या काचेच्या कडांशी चित्र ताणलेले दिसू शकते. पहिल्याच शिबिरासाठी एवढा खर्च करू नये, असे माझे मत आहे.

गॉगलच्या काचेची गडद छटाही पाहून घ्या. स्वच्छ उन्हासाठी तिसऱ्या श्रेणीची काच, जिच्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो; ढगाळ दिवसासाठी पहिल्या श्रेणीची पिवळसर किंवा गुलाबी, जिच्यातून ४३ ते ८० टक्के येतो. एकच घ्यायची असेल तर दुसऱ्या श्रेणीची घ्यावी. अतिनील किरणांपासून पूर्ण संरक्षण मात्र प्रत्येक काचेला असलेच पाहिजे.

लेसरचा विचार सहलीच्या तारखेवरून करू नका. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, पारदर्शक पटलाची जाडी पुरेशी हवी आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांना आघातापासून जपावे लागते. त्यापेक्षा जाण्यापूर्वी डोळ्यांत औषध घालून मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी करून घ्या. उणे ६ च्या आसपास पडदा ताणलेला असतो, कधी कडेला पातळ झालेला असतो, आणि शिकताना पडणे तर ठरलेलेच आहे. पडल्यावर डोळ्यासमोर विजा चमकल्या, एकाएकी काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : माझे वय ५२ असून मी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. काचा उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या आहेत. मुलीबरोबर औलीला स्कीइंग करायचे आहे. हाच चष्मा चालेल ना? (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : दोन कारणांनी चालणार नाही. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग हातभर अंतरावरचे वाचण्यासाठी असतो आणि उतरताना आपण चार-सहा मीटर पुढचा बर्फ नेमका त्याच भागातून पाहतो. तो धूसर दिसतो आणि उताराचा अंदाज चुकतो. फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा किंवा लेन्स वापरा आणि मोबाइल वाचायला छोटा चष्मा खिशात ठेवा. एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देणाऱ्या लेन्स उतारावर नकोत. अंतराचा नेमका अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो.

काळ्या होणाऱ्या काचांवर तापमानाचा परिणाम होतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात त्या पुरेशा काळ्या होत नाहीत, अशी तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. थंडीत याच्या उलट घडते : त्या फार गडद होतात आणि उजळायला वेळ घेतात. गॉगल नसताना अशा काचा घालून आपण उन्हातून देवदारांच्या सावलीत शिरलात, तर काही वेळ अंधारातून उतरल्यासारखे होईल. आत साधी पांढरी काच ठेवा. गडदपणाचे काम गॉगलवर सोडा.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, नंबर उणे १.७५. दोन दिवस मजेखातर स्की करणार आहे. चष्मा काढून ठेवला तर चालेल का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : नाही. उणे १.७५ ला सुमारे ५७ सेंटिमीटरच्या पुढचे धूसर होते आणि लहान मुले तर वेगाची पर्वा करत नाहीत. पॉलिकार्बोनेटच्या काचा, मागून बांधायचा पट्टा आणि चष्म्यावरून बसणारा मुलांच्या मापाचा गॉगल एवढे पुरे. गॉगल इथूनच घालून पाहून न्या. भाड्याने मिळणारा त्याच्या चष्म्यावर बसेलच, असे धरून चालू नका.